निसटलेली बालके की सोडून दिलेली?

आरोग्य खात्याच्या अहवालांत एक शब्दप्रयोग नेहमी भेटतो. एचआयव्हीबाधित मातेच्या पोटी जन्मलेले बालक ठरल्या दिवशी तपासणीला आले नाही, किंवा तपासणी झाली पण निकाल घ्यायला कोणी फिरकले नाही, तर त्याच्या नावापुढे ‘लॉस्ट टू फॉलोअप’ असा शेरा पडतो. मराठीत त्याला ‘पाठपुराव्यातून निसटलेले’ म्हणावयाचे. शब्द निरुपद्रवी दिसतो, परंतु त्याचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. निसटण्याची क्रिया बालकाच्या, फार तर त्याच्या आईच्या माथी मारलेली असते. धरून ठेवण्याची जबाबदारी कोणाची होती आणि हात कोणाचा सैल पडला, याचा त्या शेऱ्यात कोठेही उल्लेख नसतो. दीड महिन्याचे मूल स्वतः होऊन कोठेही निसटत नाही. त्याला कोणीतरी सोडून दिलेले असते.

अर्भकातील एचआयव्हीचे निदान कसे करावे, हे कोडे विज्ञानाने केव्हाच सोडविले आहे. उपचाराची औषधे आहेत, त्यांतली बरीचशी भारतातच बनतात, आणि सरकारी केंद्रांत ती विनामूल्य मिळतात. तरीही टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबापासून औषधाच्या पहिल्या मात्रेपर्यंतचा मार्ग एवढा लांब का, आणि त्या लांबीची किंमत कोणाची मुले मोजतात, हा आजचा सवाल आहे. त्याचे उत्तर प्रयोगशाळेत सापडणार नाही. ते अंदाजपत्रकात आणि प्रशासनाच्या प्राधान्यक्रमात शोधावे लागेल.

अठरा महिन्यांची शिक्षा

मोठ्या माणसाची नेहमीची एचआयव्ही तपासणी विषाणूला शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ती शोधते. प्रौढाच्या बाबतीत एवढे पुरते. नवजात बालकाच्या बाबतीत मात्र येथेच फसगत होते. गर्भावस्थेत आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. आयुष्याच्या पहिल्या महिन्यांत अनेक रोगांपासून बाळाचे रक्षण करणारी ही आईची शिदोरीच असते. एचआयव्हीबाधित मातेच्या बाळाला तिची एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडेही मिळतात आणि ती अठरा महिन्यांपर्यंत त्याच्या रक्तात राहू शकतात. त्यामुळे बाळाची साधी तपासणी बाधित आली, तरी त्यावरून आई बाधित आहे एवढेच सिद्ध होते. बाळाविषयी काहीच कळत नाही. म्हणून वर्षानुवर्षे डॉक्टर आईला सांगत आले, ‘बाळ दीड वर्षाचे होईपर्यंत थांबा.’

आता या थांबण्याचा अर्थ पाहावा. आफ्रिकेतील अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार उपचार न मिळालेल्या बाधित बालकांपैकी सुमारे ३५ टक्के पहिला वाढदिवस पाहत नाहीत आणि सुमारे ५२ टक्के दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. या मृत्यूंचे शिखर तर वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच येते. प्रौढाच्या शरीरात हा विषाणू बहुधा आठ-दहा वर्षे दबा धरून बसतो. अर्भकाची प्रतिकारशक्ती अजून घडत असते, म्हणून त्याला ती सवड मिळत नाही. अशा मुलाच्या आईला ‘अठरा महिने थांबा’ असे सांगणे म्हणजे तीनांतील एकीला अंत्यविधी उरकल्यावर निदानासाठी बोलाविण्यासारखे आहे.

या थांबण्याला दुसरीही एक बाजू आहे. आईला गर्भारपणातच उपचार मिळाले आणि बाळाला प्रतिबंधक औषध दिले, तर संसर्गाचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. काहीच केले नाही, तर ते १५ ते ४५ टक्के राहते. म्हणजे बाधित मातांची बहुसंख्य बालके निरोगीच असतात. परंतु निदान लांबले की तीही दीड वर्ष संशयाच्या छायेत वाढतात. घरातले त्या बाळाला वेगळे ठेवतात आणि आई प्रत्येक तापाला, प्रत्येक जुलाबाला दचकते. लवकर निदान या आईलाही हवे असते. स्तनपान सुरू असेतो तपासणी पुन्हापुन्हा करावी लागते, हे खरे. पण सहाव्या आठवड्यातला ‘विषाणू आढळला नाही’ हा निकाल तिच्या छातीवरचा केवढा भार उतरवितो, याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

विज्ञान आले, पोहोचले नाही

प्रतिपिंडांऐवजी थेट विषाणूचेच जनुकीय द्रव्य शोधले, तर हा पेच सुटतो. ते शोधण्याची पीसीआर ही पद्धत कॅरी मुलिस या शास्त्रज्ञाने १९८३ साली अमेरिकेतील सीटस या कंपनीत काम करीत असताना शोधली. ती वापरून बाधित मातांच्या अर्भकांतील संसर्ग लवकर ओळखता येतो, हे १९८९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. रक्ताचा नमुना दूरवर पाठविण्याची युक्ती तर त्याहूनही जुनी. रॉबर्ट गथ्री या अमेरिकी संशोधकाने १९६० च्या दशकातच नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवून त्यांवरून जन्मजात विकार ओळखण्याची रीत रूढ केली होती. वाळलेल्या थेंबाला बर्फाची पेटी लागत नाही, तो साध्या पाकिटातून टपालाने जातो.

म्हणजे दोन्ही साधने १९८९ पर्यंत जगाच्या हाती आली होती. भारतात एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ साली चेन्नईत लागला होता. मोफत औषधोपचाराचा राष्ट्रीय कार्यक्रम १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला, आणि अर्भकांच्या लवकर निदानाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली. विज्ञानाचा निर्वाळा आणि भारतीय बालकाची टाच यांच्यामध्ये एकवीस वर्षांचे अंतर पडले. त्या एकवीस वर्षांत जी मुले न्यूमोनियाने, जुलाबाने, ‘अशक्तपणाने’ गेली, त्यांतील कित्येकांच्या मृत्यूचे खरे कारण कोठेही लिहिले गेले नाही.

हे अंतर कसे पडले? पीसीआरचे हक्क १९९१ साली सीटसने रोश या बलाढ्य औषध कंपनीला तीस कोटी डॉलरना विकले. ज्या पद्धतीवर लाखो अर्भकांचे निदान अवलंबून होते, ती अशा रीतीने एका कंपनीच्या ताळेबंदातील मालमत्ता झाली. १९९४ साली अमेरिका व फ्रान्समधील चाचणीने दाखवून दिले की, झिडोव्हुडिन हे औषध गर्भवतीला व बाळाला दिल्यास संसर्गाचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येते. श्रीमंत देशांनी तो उपाय ताबडतोब अमलात आणला आणि त्यांच्याकडे बाधित बालके जन्माला येणे जवळजवळ थांबले. ही आनंदाचीच गोष्ट होती. परंतु त्याबरोबर बालकांच्या औषधांची आणि तपासण्यांची श्रीमंत बाजारपेठही आटली. उरली ती आफ्रिकेतील आणि आशियातील गरिबांची मुले, आणि बाजाराच्या हिशेबात ती गिऱ्हाईक नव्हती. डोल्युटेग्राव्हिर या प्रभावी औषधाचेच पाहा. अमेरिकेत प्रौढांसाठी त्याला २०१३ साली मान्यता मिळाली. पाण्यात विरघळणारी बालकांची गोळी येण्यास २०२० साल उजाडावे लागले. त्याच वर्षी सार्वजनिक निधीच्या बळावर झालेल्या वाटाघाटींनंतर मुंबईच्या मॅक्लिऑड्ससह दोन उत्पादकांनी ती वर्षाला चाळीस डॉलरहून कमी खर्चात देण्याचे मान्य केले. किंमत एवढी उतरू शकत होती, तर आधीची सात वर्षे कोणाच्या सोयीसाठी गेली?

दक्षिण आफ्रिकेचा धडा

लवकर निदानाने नेमके किती जीव वाचतात, याचा निर्विवाद पुरावा दक्षिण आफ्रिकेतून आला. तो तेथूनच का आला, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या देशाचे तत्कालीन अध्यक्ष थाबो म्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो या सिद्ध गोष्टीविषयीच जाहीर शंका घेत होते, आणि त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, लिंबू व बीटाची महती गात होत्या. बाळाला संसर्गापासून वाचविणारे नेव्हिरापिन हे औषध सरकारने प्रत्येक प्रांतात दोन, अशा मोजक्या अठरा प्रायोगिक केंद्रांपुरते कोंडून ठेवले होते. ‘ट्रीटमेंट ॲक्शन कँपेन’ या संघटनेने रस्त्यावर आणि न्यायालयात लढा दिला. कामगार संघटना तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. अखेर ५ जुलै २००२ रोजी घटनात्मक न्यायालयाने सरकारला ते औषध त्या केंद्रांबाहेरही उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. बाळाच्या तोंडातील औषधाचा तो थेंब सरकारने कृपा म्हणून दिला नाही. लोकांनी तो मिळविला.

याच भूमीवर, सोवेटो व केप टाऊन येथे, २००५ साली एक चाचणी सुरू झाली. वरवर निरोगी दिसणाऱ्या, सहा ते बारा आठवडे वयाच्या ३७७ बाधित बालकांपैकी २५२ जणांना निदान होताच औषध सुरू केले. उरलेल्या १२५ जणांना तेव्हाच्या प्रचलित नियमांप्रमाणे आजाराची लक्षणे दिसेपर्यंत वा प्रतिकारशक्ती घटेपर्यंत थांबविले. देखरेख करणाऱ्या तज्ज्ञांनी २००७ साली आकडे पाहिले आणि थांबविलेल्या मुलांनाही तातडीने उपचारासाठी तपासण्याचा निर्णय झाला. तोपर्यंत पहिल्या गटातील ४ टक्के मुले दगावली होती, दुसऱ्या गटातील १६ टक्के. लवकर उपचाराने मृत्यूचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी एक वर्षाखालील प्रत्येक बाधित बालकाला निदान होताच उपचार द्यावेत, अशी शिफारस केली.

या चाचणीतील थांबविलेली मुलेही डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली होती, हे विसरता कामा नये. त्यांचे निदान झालेले होते आणि लक्षण दिसताच औषध मिळणार होते. तरीही सहांतील जवळजवळ एक गेले. मग ज्याचे निदानच झालेले नाही, ज्याचा निकाल कोठल्याशा प्रयोगशाळेच्या गठ्ठ्यात पडून आहे, त्या मुलाचे काय होत असेल?

टाचेपासून गोळीपर्यंत

आता महाराष्ट्राकडे वळावे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांपैकी ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने स्थापन झालेली संस्था उभी आहे आणि अर्भकांच्या निदानाच्या कार्यक्रमात तिच्या प्रयोगशाळेचा सुरुवातीपासून वाटा आहे. संशोधन दारात आहे. प्रश्न आहे तो दारापासून वाडीपर्यंतचा.

कार्यक्रमाची रीत कागदावर चोख आहे. बाळ सहा आठवड्यांचे झाले की समुपदेशन व चाचणी केंद्रात त्याच्या टाचेला सुई टोचून कागदावरील वर्तुळांत रक्ताचे थेंब घ्यावयाचे. कागद वाळवून, ओल शोषणाऱ्या पुडीसह पाकिटात बंद करून प्रयोगशाळेकडे धाडावयाचा. अशा प्रयोगशाळा खंडप्राय देशात वर्षानुवर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या. निकाल परत येतो, तेव्हा आईला निरोप जातो. निकाल बाधित असेल, तर बाळाला एआरटी केंद्रात न्यावे लागते आणि खात्रीसाठी दुसरा नमुना द्यावा लागतो. पुढे सहा, बारा आणि अठरा महिन्यांनी पुन्हा तपासणी. या प्रत्येक टप्प्यावर दिवस जातात आणि प्रत्येक फेरीला एस.टी.चे भाडे व बुडालेली मजुरी पडते.

या साखळीत ऊसतोड मजुराचे कुटुंब घालून पाहावे. मराठवाड्यातील जोडपे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कोयता म्हणून बाहेर पडते आणि सांगली, कोल्हापूर वा बेळगाव जिल्ह्यांतील फडांत वसंतापर्यंत राबते. बाळ दोन-चार आठवड्यांचे असताना आई निघाली, तर सहाव्या आठवड्याची तपासणी कोणत्या जिल्ह्याने करावयाची? तपासणी गावी झाली आणि निकाल महिन्या-दोन महिन्यांनी आला, तर तो पालाच्या कोपीपर्यंत कोण नेणार? निकालासाठी एक दिवस जावे, तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. मुकादमाला कारण सांगावे, तर उद्या साऱ्या फडात ते होते. ही बाई मग जात नाही. कार्यक्रमाच्या वहीत तिच्या बाळापुढे ‘निसटले’ असा शेरा पडतो. निसटलेली होती ती व्यवस्था. शेरा मात्र बाळाला मिळाला.

हीच गोष्ट वीटभट्टीवरच्या, बांधकामावरच्या, भिवंडीच्या यंत्रमागावरच्या कुटुंबांची. सहाव्या आठवड्याला याच बाळाला पेंटाव्हॅलेंट आणि पोलिओची मात्रा द्यावयाची असते, आणि ती लस अंगणवाडीपर्यंत चालत येते. शासनाच्या मनात असते तेव्हा बर्फाच्या पेटीसह सुई वाडीवस्तीवर पोहोचते. बर्फाची गरजही नसलेला कागद मात्र तालुक्याच्या गावीच अडतो.

मोझांबिकने काय केले

हा विलंब अटळ आहे काय? भारताहून कितीतरी गरीब असलेल्या मोझांबिकने याचे उत्तर दिले आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत बॅटरीवर चालणारी छोटी यंत्रे ठेवून परिचारिकांकडूनच अर्भकांची तपासणी करविण्यात आली. निकाल आई तेथे बसलेली असतानाच मिळू लागला. या पद्धतीची तुलना नमुना दूरच्या प्रयोगशाळेकडे धाडण्याच्या जुन्या रीतीशी केली गेली आणि निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. जुन्या रीतीत नमुन्यापासून उपचारापर्यंत मध्यमानाने १२७ दिवस लागत होते. नव्या रीतीत एक दिवसही लागला नाही. साठ दिवसांच्या आत औषध सुरू झालेल्या बाधित बालकांचे प्रमाण जुन्या रीतीत सुमारे १३ टक्के होते. नव्या रीतीत ते सुमारे ९० टक्क्यांवर गेले. त्याच आया आणि तीच गरिबी असताना, परिचारिकाही त्याच असताना, ‘निसटणारी’ मुले एकाएकी निसटेनाशी झाली.

याच अभ्यासाचा दुसरा आकडाही कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा. नव्वद दिवसांनंतर उपचारावर टिकून राहिलेल्या बालकांचे प्रमाण नव्या रीतीत सुमारे ६२ टक्के होते, जुन्या रीतीत ४३ टक्के. सुधारणा मोठी आहे, परंतु यंत्र आणून ठेवले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. औषध घेऊन घरी गेलेल्या आईच्या पाठीशी माणसे लागतात. ती माणसे म्हणजे आशा, परिचारिका आणि समुपदेशक, आणि नेमक्या याच माणसांना शासन मानधनावर आणि कंत्राटावर राबविते.

तीन सबबी

पहिली सबब अशी की, आईलाच वेळेवर औषध दिले तर बाळाला संसर्ग होणारच नाही, मग बाळाच्या तपासणीवर भर कशाला? आईचा उपचार अग्रक्रमाचा आहे, यात वाद नाही. पण गर्भारपणाच्या आरंभी निर्दोष ठरलेली स्त्री नंतर, स्तनपानाच्या काळातही, बाधित होऊ शकते. कोणाची नोंदणी उशिरा होते, तर कोणाचे औषध मध्येच सुटते. प्रतिबंध जेथे चुकतो तेथेच निदानाची गरज असते, आणि तो चुकतो तो सर्वांत गरीब, सर्वांत फिरत्या कुटुंबांत. संसर्ग ‘निर्मूलना’ची प्रमाणपत्रे मिळविण्याच्या घाईत शेवटच्या बाधित बालकाकडे पाठ फिरविणे हे प्रतिबंधाचे यश ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेचे २०२३ चे अंदाज सांगतात की, जगातील एचआयव्हीसह जगणाऱ्यांत बालकांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. एड्सने झालेल्या मृत्यूंत तो १२ टक्के होता. ७७ टक्के प्रौढांना उपचार मिळत होते, बालकांपैकी ५७ टक्क्यांनाच.

दुसरी सबब संख्येची. अशी बाळे थोडी, त्यांच्यासाठी यंत्रणा उभारणे परवडत नाही, असे सांगितले जाते. देशात वर्षाला साधारण २०,००० एचआयव्हीबाधित गर्भवतींना या सेवांची गरज असते, असे अलीकडच्या सरकारी अंदाजांवरून दिसते. प्रत्येक बाळाच्या चार तपासण्या धरल्या, तर वर्षाला ८०,००० होतात. आता २०२० साल आठवावे. त्या वर्षाच्या जानेवारीत कोरोनाच्या पीसीआर तपासणीला पुण्याची एकच प्रयोगशाळा होती. जूनअखेर देशात हजार प्रयोगशाळा उभ्या होत्या. २१ ऑगस्ट २०२० रोजी एका दिवसात दहा लाखांहून अधिक तपासण्या झाल्या. बाधित मातांच्या बाळांना बारा वर्षे पुरतील एवढ्या तपासण्या या देशाने एका दिवसात केल्या! म्हणजे यंत्रे होती आणि तंत्रज्ञही होते. इच्छा असली की निकाल मोबाईलवरही येऊ शकत होता. तो रोग मंत्र्याच्या आणि उद्योगपतीच्या घरातही शिरत होता, एवढाच काय तो फरक.

तिसरी सबब पैशाची. एकाच यंत्रावर क्षय आणि एचआयव्ही या दोहोंच्या तपासण्या करता येतात. क्षयासाठी देशभर बसविलेल्या जीनएक्सपर्ट यंत्रावर चालणाऱ्या अर्भक-एचआयव्ही तपासणीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच पात्र ठरविले आहे. हे तंत्र विकसित करण्यासाठी पंचवीस कोटी डॉलरहून अधिक सार्वजनिक पैसा खर्च झाल्याचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. तरी कार्ट्रिजची किंमत ठरविते ती खाजगी कंपनी. जगभरच्या चळवळींनी दबाव आणल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये क्षयाच्या साध्या कार्ट्रिजची किंमत ९.९८ डॉलरवरून ७.९७ डॉलरवर आली. एचआयव्हीच्या कार्ट्रिजला ती सवलत मिळाली नाही. या मक्तेदारीला पर्यायही देशातच आहे. गोव्यातील मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट यंत्र क्षयासाठी आणि कोरोनासाठी ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोहोचले, २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनेही क्षयनिदानासाठी त्याची शिफारस केली. अशा यंत्रांवर अर्भकांची तपासणी प्रमाणित करून घेणे, त्यासाठी सरकारी संशोधनसंस्थांना मुदत घालून देणे, हे शासनाच्या आवाक्याबाहेरचे काम नव्हे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २०२१ ते २०२६ या टप्प्यासाठी १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर झाले आणि ते सर्व भारताच्या तिजोरीतून. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत रोखताच आफ्रिकेतील कित्येक कार्यक्रम हादरले. भारताला ती सबब नाही. येथे पैसा आपला आहे, म्हणून जाबही येथल्याच सरकारला द्यावा लागेल.

लाज कोणी वाटून घ्यावयाची?

घरात एचआयव्ही प्रथम उघड होतो तो बहुधा गर्भवतीच्या तपासणीत. त्यामुळे नवऱ्याकडून आलेल्या संसर्गाचा दोषही सुनेच्या पदरात पडतो. अशा स्त्रीने बाळाला वारंवार ‘त्या’ खोलीत न्यावे, अशी अपेक्षा करणारा कार्यक्रम तिला सर्व गावासमोर उभे करतो. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. संमतीवाचून माहिती उघड करण्यास आणि उपचार, नोकरी वा शिक्षणात भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे. परंतु ज्या केंद्राच्या दारावरच्या पाटीने येणाऱ्याचा रोग जाहीर होतो, तेथे कायदा पाटीखालीच संपतो. बाळाची तपासणी लसीकरणाच्या, वजनाच्या, रक्ततपासणीच्या नेहमीच्या जागी आणि नेहमीच्या वेळी झाली, तर कोण कशासाठी आले हे कोणाला कळण्याचे कारण उरत नाही. लवकर निदान आणि स्त्रीची प्रतिष्ठा या दोन गोष्टी अशा रीतीने एकाच मागणीत येतात.

मागण्या आणि काम

पहिली मागणी मोजमापाची. किती नमुने गोळा केले, हा आकडा कार्यक्रमाची पाठ थोपटण्यासाठी असतो. नमुना घेतल्यापासून औषधाची पहिली मात्रा बाळाच्या तोंडात जाईपर्यंत किती दिवस लागले, हा आकडा प्रत्येक जिल्ह्याने दर महिन्यास जाहीर केला पाहिजे.

दुसरी मागणी, प्रत्येक उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयातील असलेल्या यंत्रांवर अर्भकांची तपासणी सुरू करावी आणि निकाल त्याच दिवशी द्यावा. पहिला निकाल बाधित येताच, दुसऱ्या नमुन्याच्या निकालाची वाट न पाहता, औषध सुरू करावे, ही जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस आहे. ते औषध त्याच इमारतीत मिळाले पाहिजे. न्यूमोनियापासून वाचविणारे कोट्रायमोक्झाझोल हे स्वस्त औषध सहाव्या आठवड्यापासून प्रत्येक संशयित बाळाला मिळते की नाही, तेही पाहिले पाहिजे.

तिसरी मागणी, आईच्या बुडालेल्या रोजाची आणि प्रवासाची भरपाई तपासणीच्या जागीच रोख मिळावी. गळीत हंगामात कारखान्यांच्या परिसरातील आरोग्य केंद्रांनी स्थलांतरित बाळांची जबाबदारी घ्यावी, आणि ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळाने हे आपले काम मानावे. आशा व समुपदेशकांना कायम सेवेत घेतल्याखेरीज पाठपुराव्याची भाषा पोकळ राहील.

हे काम स्वयंसेवी संस्थांचे आहे, असे समजून चळवळीने इतकी वर्षे त्याकडे पाहिले नाही. रोजगार हमीचा दर, रेशनचा कोटा आणि दुष्काळी छावण्यांतला चारा यांचा जाब विचारणारा कार्यकर्ता ग्रामीण रुग्णालयातील एका पाकिटाचा जाब मात्र विचारीत नाही. त्याने तो विचारला पाहिजे, आणि विचारण्याची रीत सांभाळून विचारला पाहिजे. कोणत्या घरातील कोण बाधित, याची चौकशी करू नये. यादी मागू नये, कोणाच्या दारात जाऊन उभे राहू नये. माहितीच्या अधिकाराखाली एवढेच विचारावे: गेल्या वर्षात या जिल्ह्यातून अर्भकांचे किती नमुने गेले, प्रत्येकाचा निकाल किती दिवसांनी परतला, आणि बाधित निघालेल्या प्रत्येक बाळाला औषध कितव्या दिवशी मिळाले? नावे नकोत, दिवस हवेत.

ते दिवस हाती आले, की रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत, जिल्हा परिषदेच्या सभेत आणि विधानसभेतील प्रश्नोत्तरांत मांडावेत. उत्तर देणारा अधिकारी पुन्हा ‘निसटलेल्या’ बालकांची टक्केवारी सांगू लागेल, तेव्हा त्याला थांबवून हाच प्रश्न पुन्हा विचारावा: बाळ तुमच्या केंद्रात आले तेव्हा त्याच्या टाचेतून रक्त घेतलेत, त्यानंतर कितव्या दिवशी तुम्ही त्याच्यापर्यंत पोहोचलात?